‘फेकलेस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): मी भाषांतर करीत असलेल्या इंग्रजी लेखात एका अधिकाऱ्याला ‘फेकलेस’ म्हटले आहे. ‘निष्प्रभावी’ हा प्रतिशब्द मला अपुरा वाटतो. या शब्दाचे मूळ कोणी सांगेल का?

उत्तर (वाशी): हा शब्द मूळचा स्कॉटलंडचा. ‘इफेक्ट’मधील पहिला स्वर गळून तेथे ‘फेक’ झाले आणि त्याला अभावदर्शक ‘लेस’ जोडून सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे विशेषण वापरात आले. ‘परिणामकारक’ या अर्थाचा ‘फेकफुल’ही तेथे होता, मात्र प्रमाण इंग्रजीत नकारार्थी रूपच रुजले, याचे मला फार नवल वाटते. आरंभी अर्थ दुबळा, निरुपयोगी एवढाच होता. बेजबाबदारपणाची छटा नंतर आली.

उत्तर (कोपरी): तसे असेल तर ‘नाकर्ता’ घ्यावा. ‘कुचकामी’ आपण बिघडलेल्या कुलपालाही म्हणतो, परंतु ‘नाकर्ता’ केवळ अशा माणसाला म्हणतो, ज्याच्याकडून कर्तव्याची अपेक्षा होती आणि ज्याने ते केले नाही. शिवाय त्याची घडणही ‘फेकलेस’सारखीच अभावदर्शक आहे.

प्रश्नकर्ती: आपणा दोघांचे मनापासून आभार. ‘नाकर्ता’च योजते.