मदत हवी आहे : कमी खर्चात चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कमी करायच्या आहेत

जाईजुई_४७
नमस्कार मंडळी. वय ४७, मुक्काम सोलापूर, नोकरी कारकुनी. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाचे फोटो आले. नवऱ्याने कौतुकाने टीव्हीवर लावले आणि माझा चेहरा एकदम बत्तीस इंची झाला. हसले की डोळ्यांच्या कडेला रेघांचा पंखा उघडतो हे आरशात दिसायचंच, पण गालावर, कानाच्या पुढे बारीक जाळी पडलीय ते तिथे कळलं. शेजारी जाऊबाई. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, आणि गाल कसा, तर सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा. (त्या इथे येत नाहीत असं धरून चालते.)

आतापर्यंतचे उद्योग सांगून टाकते. पार्लरवालीने सोन्याचे कण असलेली क्रीम गळ्यात मारली, ११५० रुपये. दोन महिन्यांत डबी संपली, चेहरा चकाकला, रेघा जागच्या जागी. मग लिंबू-मध. ते असं झोंबलं की विचारू नका, वर ओठाशेजारी काळा डाग पडला तो वेगळाच. बदामाचं तेल लावते, त्याने निदान उशीची खोळ तरी मऊ झाली.

मुलाच्या क्लासची फी चालू आहे, त्यामुळे महिन्याला ५०० च्या वर जाणार नाही. उन्हात मी जवळजवळ नसतेच. गाडीवर स्कार्फ, गॉगल, हातमोजे, सगळं दरोडेखोरासारखं. तरी हे का? आणि खरंच उपयोग होईल असं काय आहे?

विमलअक्का
अगं, रोज सायीने पाच मिनिटं मालिश कर आणि मसुराच्या डाळीचं पीठ दुधात कालवून लाव. आमच्या सासूबाईंनी आयुष्यात क्रीम पाहिली नाही, ऐंशीव्या वर्षी कातडी कशी तुकतुकीत!

घाटावरचा_गणप्या
अक्का, सासूबाई ऐंशी वर्षं घरात सावलीत होत्या, तो भाग सायीच्या खात्यात जमा करू नका. 😄

गोळीपुडी
ताई, मी फार्मासिस्ट आहे, चौदा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे. काही सुचवण्याआधी एक विचारते. जाळी दोन्ही गालांवर सारखीच आहे का?

जाईजुई_४७
थांबा, आरशात बघून येते.
उजवीकडे जास्त आहे! मी उजव्या कुशीवर झोपते, म्हणून असेल का?

गोळीपुडी
त्याने थोडा फरक पडतो. पण ऑफिसात बसता कुठे?

जाईजुई_४७
खिडकीशी. पश्चिमेची खिडकी, माझ्या उजव्या हाताला. २०१२ पासून तीच जागा. दुपारी दोननंतर टेबलावर ऊन येतं, फायलींचे पुठ्ठे त्या बाजूने पांढरट पडलेत. पण काच बंद असते हो, अंगाला चटकासुद्धा लागत नाही.

गोळीपुडी
सापडलं. उन्हातले त्वचा लाल करणारे, जाळणारे यूव्हीबी किरण काच बऱ्यापैकी अडवते. यूव्हीए मात्र साध्या काचेतून आत येतात. चटका बसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तेच त्वचेत खोलवर जाऊन कोलॅजेन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, मोडतात. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. माणसाने २८ वर्षं गाडी चालवलेली. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकीकडचा डावा गाल नांगरल्यासारखा आणि उजवा त्यामानाने बरा. तुमच्या फायलींच्या पुठ्ठ्यांचं जे झालं तेच थोडं गालाचं झालंय.

तर पहिली खरेदी सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा त्याच्या वर, आणि डबीवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा पीए+++ हवं, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचाच असतो. चेहरा आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर येईल एवढी घ्यायची. बहुतेक जणी वाटाण्याएवढी लावतात आणि मग काही होत नाही म्हणतात. हिशेब सांगते : रोज एक ग्रॅमच्या आसपास धरलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिना जाते. ४०० ची घेतली तरी महिन्याला पावणेतीनशे पडले. तुम्ही सकाळी लावून निघणार आणि ऊन टेबलावर येणार दोनला, म्हणून डबा खाऊन झाला की पुन्हा थोडी लावा.

नुसती भाकड गोष्ट नाही ही. ऑस्ट्रेलियातल्या नांबूर गावात ५५ च्या आतल्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. काही जणांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं होतं, बाकीच्यांना मर्जीप्रमाणे. रोजवाल्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणा २४ टक्के कमी होत्या.

जाईजुई_४७
म्हणजे पुढचं थांबेल. पण झालेली जाळी?

गोळीपुडी
त्यासाठी सगळ्यात जास्त पुरावा ट्रेटिनॉइनचा आहे. मुळात मुरुमांचं औषध. अमेरिकेतले डॉ. अल्बर्ट क्लिगमन ते मुरुमांना द्यायचे आणि बायका सांगायला लागल्या की सुरकुत्याही कमी झाल्यात. १९८६ मध्ये त्यांनी उन्हाने जून झालेल्या त्वचेवरचे निष्कर्ष छापले. (याच क्लिगमननी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर प्रयोग केले होते. औषध चांगलं निघालं म्हणून ते विसरायचं नाही.)

०.०२५ टक्क्यांची ट्यूब त्या सोन्याच्या डबीच्या पाव किमतीत येते आणि वाटाण्याएवढीच लागत असल्यामुळे महिनोन्महिने पुरते. पण ते औषध आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नका. शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत केसपेपर काढून दाखवा, ओठाजवळचा डागही दाखवा. पाळी चालू असेल, गर्भ राहण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, गरोदरपणात हे चालत नाही.

वापर असा : आठवड्यातून दोनच रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, डोळ्यांच्या कडा आणि ओठ सोडून. वर साधं मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे साल निघेल, आग होईल. तिथेच निम्म्या जणी ट्यूब फेकतात. फरक दिसायला चार-सहा महिने. खोल रेघा पुसल्या जात नाहीत, बारीक जाळी मात्र हलकी होते.

कोलॅजेनच्या क्रीमवर पैसे घालू नका, तो रेणू इतका मोठा असतो की त्वचेतून आत जातच नाही. अक्कांची साय, तुमचं बदामाचं तेल यांनी कोरडेपणा जातो, तेवढ्यापुरत्या रेघा मऊ दिसतात. लावायला हरकत नाही, फक्त त्यांच्याकडून जास्त अपेक्षा नको. लिंबू पुन्हा नाही!

उंबरठा
एक भर घालते. माझ्या बहिणीला एका दुकानातून "हीच ती, पटकन गोरं करते" म्हणून तीन औषधांची मिश्र ट्यूब मिळाली. त्यात ट्रेटिनॉइन होतं, पण स्टिरॉइडही होतं. आठ दिवसांत चेहरा काचेसारखा. वर्षभराने त्वचा पातळ, गालावर लाल शिरा, आणि ट्यूब बंद केली की आगडोंब. मागच्या बाजूला मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल या स्टिरॉइडांपैकी काही लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

जाईजुई_४७
सगळ्यांचे आभार. सनस्क्रीन आणली. दोन बोटं लावली तर नवरा म्हणाला, नाटकात काम मिळालं का? मंगळवारी ओपीडीत जाऊन येते.

जाईजुई_४७
डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन दिलं, डागासाठी सध्या नुसती सनस्क्रीनच लावा म्हणाल्या. तिसरा आठवडा आहे, नाकाशेजारी कोंडा पडल्यासारखी साल निघतेय, पण ट्यूब फेकलेली नाही. शिपाईमामांना सांगून टेबल फिरवून घेतलं. आता ऊन डाव्या गालावर येतं.

घाटावरचा_गणप्या
समसमान करून घेताय का ताई?

जाईजुई_४७
गप रे. पडद्यासाठी अर्ज दिलाय, तो मंजूर होईपर्यंत काचेला गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची बाराही पानं चिकटवली आहेत.