काकांच्या नावाचा फिरता करंडक

नमस्कार मंडळी,

ग्लायडिंग क्लबकडून निरोप आला आहे. आपल्या काकांच्या स्मरणार्थ ते एक फिरता करंडक सुरू करताहेत आणि निम्मा खर्च मंडळाने उचलावा अशी त्यांची विनंती आहे. कार्यकारिणीत पैशाला कोणाची ना नाही. प्रश्न एवढाच, की करंडक द्यायचा कशासाठी? मला विचाराल तर वर्षातल्या सर्वांत लांब उड्डाणासाठी. ग्लायडरमधल्या रेकॉर्डरची फाइल उघडली की किलोमीटर समोर येतात, वादाला जागाच नाही. रविवारपर्यंत मतं कळवा.

– सचिव

*

सचिवसाहेब,

पैसे जरूर द्या, पण लांब उड्डाणाला काकांचं नाव? अहो, काका उडायचे कुठे!

मी त्या क्लबात शिकलो म्हणून सांगतो. ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतो, तो दोर गुंडाळतो आणि मिनिटभराच्या आत आपण हजारेक फूट वर. वर जाणारा एकटा, पण खाली एक जण पंख धरून पळतो, एक खुणा करतो, एक विंचवर, एक दोर परत ओढून आणायला, आणि एक वही घेऊन वेळा टिपत बसलेला. या पाचांपैकी कुठलंही काम काकांनी सोडलं नव्हतं. विंच तर त्यांचाच.

दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये 'वीक लिंक' नावाची धातूची एक पट्टी असते. ताण बेताबाहेर गेला तर विमानाआधी ती तुटावी म्हणून मुद्दाम अशक्त केलेली. काळी १००० डेकान्यूटनला तुटते (म्हणजे साधारण टनभर वजनाला), निळी ६०० ला. सकाळी काम सुरू करण्याआधी काका प्रत्येक पट्टीच्या भोकातून अंगठा फिरवायचे. भोक जरा लांबट लागलं की पट्टी बाद. बाद पट्ट्या पत्र्याच्या एका डब्यात टाकायचे, कुणी चुकून पुन्हा वापरू नये म्हणून. एकदा मी म्हटलं, काका, ही तर चांगली दिसतेय. "तू वर असशील तेव्हा चांगली दिसून काय उपयोग?"

सिल्व्हर बॅजसाठी ५० किलोमीटर अंतर, १००० मीटर उंचीची कमाई आणि ५ तास हवेत राहणं लागतं. ते ५ तास मी ज्या दिवशी केले, त्या दिवशी काका सकाळपासून विंचच्या खोपटात होते. माझ्यापेक्षा जास्त वेळ. बॅज मला मिळाला.

करंडक जमिनीवरच्या माणसाला द्या.

*

दोघांनाही,

वरच्या पत्राशी सहमत, पण एक धोका सांगते. 'निःस्वार्थ सेवेचा' करंडक दोन वर्षांत कार्यकारिणीतल्याच कुणाच्या तरी कपाटात जाऊन बसतो. आपल्याकडे काय झालं ते आठवा, जास्त बोलत नाही. सेवेचा गौरव करूच नये असं नाही. जागतिक संघटनेची, एफएआयची, पॉल तिसांदिए पदविका १९५२ पासून हवाई खेळांसाठी खपणाऱ्यांनाच दिली जाते. पण ठरवणार कोण, हे आधी लिहून घ्या.

माझी सूचना: त्या वर्षी ज्यांनी पहिलं एकट्याचं उड्डाण केलं, त्यांनीच नाव सुचवावं. आपला पंख कोण धरत होतं आणि पाऊस आल्यावर कोण पळून गेलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय नवखी मुलं, त्यांना अजून गटबाजी जमत नाही.

आणि चांदीचा पेला नको बाई. घासायचा कोणी?

– ताई

*

मंडळी,

हरलो. लांब उड्डाण मागे घेतो. ताईंची अट नियमांत जशीच्या तशी घालायला क्लब तयार आहे.

पेलाही नाही. लाकडी बैठक, तीवर काकांच्या डब्यातली एक बाद पट्टी, खाली विजेत्यांच्या नावांच्या छोट्या पाट्यांना जागा. डबा अजून हँगरमध्येच आहे, मी बघून आलो. निळ्यांचाच भरणा आहे.

आता नाव. क्लबने काकांच्या आडनावाचं अधिकृत स्पेलिंग मागितलं, म्हणून मी क्लबच्याच उड्डाणनोंदीच्या वह्या चाळल्या. विंचचालकाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, 'काका'. तिथल्या निम्म्या लोकांना ते त्यांचं पाळण्यातलं नाव वाटतंय. काकूंना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तेच राहू दे की.

तर पाटीवर 'काका करंडक', वरच्या ओळीत देवनागरीत. कोरणाऱ्याला मजकूर उद्या पाठवतोय, हरकत असेल तर आज रात्रीच कळवा. पट्टी निवडायला रविवारी हँगरवर कोण येतंय?

– सचिव