मदत हवी आहे : मंडळाच्या शोला मैदान भरतं, आमच्या शोला मामा-मावश्या येतात

गिटारवाला_सांगलीकर

नमस्कार मंडळी. इथे वाचतो बरंच, धागा पहिल्यांदाच काढतोय.

सांगलीत आमचा पाच जणांचा बँड आहे. गिटार, बास, ड्रम, हार्मोनियम आणि गायिका. (नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटायला नको.) स्वतःची मराठी गाणी, चारदोन अभंग आमच्या पद्धतीने, आणि सुपारी असेल तेव्हा समोरचा म्हणेल ते. कॉलेजची गॅदरिंग, गणपती, दांडिया, कुणाचा साखरपुडा असं मिरज-इचलकरंजी-कोल्हापूर पट्ट्यात फिरणं चालू असतं. सगळे नोकरीधंदा सांभाळून.

अडचण अशी. मंडळाच्या स्टेजवर उभं राहिलो की समोर मैदान भरलेलं. पोरं नाचतात, मोबाइलचे दिवे हलवतात, खाली उतरलं की सेल्फी. पण स्वतः हॉल घेऊन तिकीट लावलं की येतात मामा, मावशी, ड्रमरच्या ऑफिसातली माणसं आणि गायिकेच्या क्लासच्या मुली. तीही कौतुकापोटी. पुढच्या वेळी त्यांचंच 'यंदा नाही रे जमणार'. मध्यंतरी एका अभंगाची रील जोरात चालली, फॉलोअर वाढले. नंतरच्या शोला त्यातलं कुणी आलं असेल तर ते आम्हाला कळलेलं नाही.

पुन्हा पुन्हा येणारा श्रोता तयार होतो कसा? फुकट वाजवावं का? ओरिजिनल कमी करून हिंदी वाढवावं का? की सांगलीत हे व्हायचंच नाही, पुणं गाठावं?

पेठेतला_पोरगा

पुण्यात या, जरूर या. इथे शनिवारी संध्याकाळी सुदर्शन रंगमंचला एक, ज्योत्स्ना भोळे सभागृहाला दुसरा आणि बाकीचे कॅफेत वाजवत असतात. प्रत्येकाचे मामा-मावशी वेगळे, एवढाच फरक.

उसाचा_फड

भावा, लग्नाच्या सुपाऱ्या धर. हळदीला दोन तास वाजवलंस तर हॉलचं भाडं सुटतंय. ओरिजिनल ऐकवायचं तर घरात ऐकव की.

साउंडवाला_अण्णा

वरच्यांचं चालू द्या. मी ऑर्केस्ट्राच्या जमान्यापासून साउंड लावतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, जे मैदान भरतं ते मंडळाचं आहे. तुमच्या जागी डीजे असता तरी ते भरलंच असतं. ती माणसं गणपतीला आलेली, तुम्ही त्यांना वाटेत भेटलात. त्यांचा हिशेब तुमच्या खात्यात धरलात तर दरवेळी हॉलमध्ये वाईटच वाटणार.

दुसरी. आमच्या वेळी ऑर्केस्ट्राला गर्दी व्हायची, कारण गाणी लोकांना आधीच रेडिओवरून पाठ असायची. स्टेजवरचा गायक फक्त आठवण करून द्यायचा. तुमच्या गाण्याला असा रेडिओ नाही. नवं गाणं पहिल्यांदा कानावरून जातं, दुसऱ्यांदा ओळखीचं वाटतं आणि तिसऱ्यांदा माणूस धृपद धरतो. तुम्ही एका गावात एकदा वाजवून निघून जाता, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पहिल्या पायरीवरच. त्याच माणसांना तेच गाणं तीनदा ऐकवायची सोय केल्याशिवाय हे सुटणार नाही.

म्हणून मोठं नाट्यगृह आधी डोक्यातून काढा. भावे नाट्यमंदिरात पन्नास माणसं बसली तर कार्यक्रम पडल्यासारखा वाटतो, तीच पन्नास वाचनालयाच्या हॉलमध्ये बसली की दाराशी चपलांचा ढीग लागतो. एक लहान जागा धरा, महिन्यातला एक वार ठरवा आणि वर्षभर तो हलवू नका. सुपारी आली तरी नाही. हे अवघड जाईल, कारण त्याच दिवशी चांगल्या पैशाची सुपारी येणार, हे लिहून ठेवा.

वेळ सातची. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, पण मी ते म्हणत नाही. तासगाव-इस्लामपूरहून येणाऱ्याला परतीची गाडी असते. नऊच्या आत संपवलंत तर तो पुढच्या महिन्यात येतो. दहा वाजवलेत तर तो शेवटची तीन गाणी घड्याळाकडे बघत ऐकतो आणि नेमकं तुमचं सगळ्यात चांगलं गाणं तुम्ही शेवटाला ठेवलेलं असतं.

आता माझ्या धंद्याचं. तुमचे शब्द ऐकू येतात का? मराठी बँडचे बहुतेक शो मी मागे कन्सोलवर बसून ऐकतो आणि शब्द कळत नाहीत. ड्रमर मैदानाच्या सवयीने हॉलमध्ये वाजवतो, मग गिटारवाला आपल्या अँप्लिफायरचा आवाज वाढवतो, मग गायिका ओरडते. ज्याचा शब्द कळला नाही ते गाणं माणूस घरी नेणार कसं? लहान जागेत पूर्ण ड्रम सेट नेऊच नका. कहोन (हाताने वाजवायचा लाकडी खोका) घ्या, नाहीतर काड्यांऐवजी ब्रशने वाजवा. आणि मॉनिटर (स्टेजवरचे, वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) कमी ठेवा, ठेवा म्हणजे ठेवा.

बे_एरियातली_मिरजकर

अण्णांना अनुमोदन. मी मूळची मिरजेची, आता कॅलिफोर्नियात. इथल्या ग्रेटफुल डेड या बँडचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. (त्यांचे ड्रमर मिकी हार्ट यांच्याबरोबर आपले झाकीरभाई वर्षानुवर्षं वाजवत होते, म्हणजे अगदीच परके नव्हेत.)

त्यांनी १९७१ मध्ये एका लाइव्ह अल्बमच्या आत चार ओळी छापल्या. आशय असा की तुम्ही कोण, कुठे असता, कसे आहात, ते आम्हाला या पत्त्यावर कळवा. लोकांनी खरंच पत्रं पाठवली. त्या पत्त्यांवर बँडकडून बातमीपत्र जायचं, आणि पुढे १९८३ पासून तिकिटंही ते स्वतःच टपालाने विकू लागले. मध्ये दुसरं कुणी नाही.

दुसरं म्हणजे रेकॉर्डिंग. इतर बँड टेपरेकॉर्डर घेऊन येणाऱ्याला हाकलायचे. यांनी १९८४ मध्ये अशा लोकांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखली. अट एकच, टेप विकायची नाही, एकमेकांना द्यायची. मग लोक कालच्या आणि आजच्या शोची तुलना करत बसायचे. पण हे चाललं ते रोज वेगळी यादी, वेगळी लांबण, वेगळा रंग असायचा म्हणून. तुम्ही दर महिन्याला तोच क्रम वाजवलात तर रेकॉर्डिंग कोण कशाला मागेल? अण्णा म्हणतात तशी तीन-चार गाणी ठरलेली ठेवा, बाकी बदलत राहा.

तिकिटाबद्दल म्हणाल तर माझं मत, फुकटच ठेवा. आमच्या मिरजेत मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेब १९३७ साली गेले, सभा अजून भरते. तिकीट नाही. माझे आजोबा दरवर्षी जायचे, त्यांना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं की जाहिरात दाखवली नव्हती. उरूस आला की जायचं, एवढंच. तुम्ही तर तिथून हाकेच्या अंतरावर आहात आणि विचारताय की सांगलीत होतं का!

साउंडवाला_अण्णा

ताई, दर्ग्याच्या सभेला खाँसाहेबांचं नाव आहे आणि पिढ्यांची सवय आहे. या पोरांना अजून दोन्ही नाही. फुकट कार्यक्रमाला पाऊस आला की माणूस घरी भजी तळतो. शंभर रुपये दिलेला छत्री घेऊन येतो.

कीर्तनप्रेमी

मधला मार्ग आपल्याकडे कधीचा आहे. कीर्तनात दाराशी तिकीट नसतं, शेवटी आरतीचं ताट फिरतं. ऐकून झाल्यावर द्यायचं असल्याने देणाऱ्याला त्यात मान वाटतो. ताटात क्यूआर कोड ठेवा म्हणजे सुट्ट्यांची सबब नको. मात्र ताट बँडमधल्या माणसाने स्वतः फिरवावं. पैशापेक्षा त्या निमित्ताने प्रत्येकाशी दोन शब्द होतात, नाव विचारता येतं.

आणि अभंगाबद्दल जरा बोलू का? रील चालली ती तुकोबांमुळे. त्यात कमीपणा नाही. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' या बँडनेही संतवाणी गिटार-ड्रमवर नेऊन तरुण श्रोता मिळवला आहे. पण अभंगाला आलेला माणूस तुमच्या गाण्याला थांबेल असं गृहीत धरू नका. अभंगाच्या लगेच मागे आपलं सगळ्यात सोपं गाणं लावा, मध्ये भाषण नको.

चाल कोणाची आहे तेही पाहा. तुकोबांचे शब्द सगळ्यांना मोकळे आहेत, चाल असेलच असं नाही. संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, म्हणजे त्यांची चाल घेतलीत तर ती मोकळी नाही. अशा चाली किंवा सिनेमाची गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवायची तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना लागतो. स्वतःची चाल बांधलीत तर हा प्रश्नच नाही, शिवाय ती तुमची ओळख होईल.

गिटारवाला_सांगलीकर

अण्णा, ड्रमरला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो रुसलाय. चाली दोन आमच्या आहेत, एक नाही. ती काढतोय.

पत्ते गोळा करण्याबद्दल: आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात आता शो सोडून सगळं चालतं. गुड मॉर्निंग, लसणाचे फायदे, कुणाचा तरी फ्लॅट विकणे आहे. शोची पोस्ट टाकली की चार अंगठे येतात, त्यातले दोन आमचेच.

रील_वाली_रेवा

दादा, ग्रुप बंद करा आणि ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे तुमचा एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, तुमच्या हॉलला पुरून उरतील. पण एक मेख आहे. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो, बाकीच्यांना जातच नाही. म्हणून शोच्या मध्यावर, शेवटी नव्हे, गायिकेने सांगायचं: फोन काढा, हा नंबर सेव्ह करा, त्यावर आपलं नाव आणि गाव पाठवा. शेवटी सांगितलंत तर लोक चपला शोधत असतात. महिन्याला दोनच मेसेज. एक तारखेचा, दुसरा त्या दिवशीच्या एखाद्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा. हेच तुमचं बातमीपत्र.

इन्स्टाचं अकाउंट प्रोफेशनल करून इनसाइट्समध्ये (बघणाऱ्यांची आकडेवारी) त्यांची शहरं बघा. वरच्या पाचात पुणे-मुंबई असेल आणि सांगली नसेल तर रीलवाले शोला का आले नाहीत याचं उत्तर तिथेच आहे. पैशाची आशाही तिथून ठेवू नका. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याचे वर्षात हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच मोजले जात नाहीत. यूट्यूबला जाहिरातीतला वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं गेलेलं लागतं. गाणी तिथे ठेवा ती यासाठी, की शो ऐकून गेलेल्या माणसाला बसमध्ये पुन्हा ऐकता यावीत.

उसाचा_फड

पोरगी बरोबर बोलतीय. आणि शो झाला की लगेच केबला गुंडाळायला पळू नका रं. मी तुमचा गणपतीतला कार्यक्रम बघितलाय बहुतेक, हार्मोनियमवाला बुटका हाय ना? भेटायला आलो तर समदे टेम्पोत.

गिटारवाला_सांगलीकर

😀 हो, तोच. टेम्पोवाला तासाचे पैसे लावतो म्हणून घाई होते. पुढच्या वेळी दोघं सामान बघतील, तिघं दाराशी थांबतील.

ठरलं ते असं: मिरजेत एका वाचनालयाचा हॉल विचारलाय, तिसरा शनिवार, सात ते पावणेनऊ. तिकीट नाही, ताट. गाण्यांचे शब्द एका कागदावर छापून देणार. हळदीच्या सुपाऱ्या चालू राहतील, फक्त तिसरा शनिवार सोडून. ड्रमर कहोनला तयार आहे, पण म्हणतो की विकत घ्यायच्या आधी वापरून बघायचाय. सांगली-मिरजेत कुणाकडे आठवडाभरासाठी मिळेल का?

साउंडवाला_अण्णा

माझ्याकडे आहे. पुढच्या फळीचा एक स्क्रू ढिला आहे, तो आवळून घ्या. व्यक्तिगत निरोप करतो.