कंदिलाला आवाज नसतो, मग ‘टिमटिम’ला म्हणायचं काय?

रानपाखरू (दारव्हा तालुका):
एका दिवाळी अंकाकडे कथा पाठवली होती, ती दुरुस्त्या होऊन परत आली. ‘गोठ्यात कंदील टिमटिमत होता’ या वाक्यातलं ‘टिमटिमत’ खोडून ‘मिणमिणत’ केलंय. समासात शेरा: ‘ध्वन्यनुकारी शब्द टाळावेत. शिवाय हिंदी.’ हिंदीचं नंतर पाहू, पण कंदिलाचा आवाज ऐकलाय कोणी? ध्वनीच नाही तर अनुकार कशाचा? खळखळ, कडकड ठीक आहे. लुकलुक, लखलख, ठसठस, बुळबुळीत यांत आवाज कुठेच नाही, तरी शब्द उच्चारला की वस्तू समोर उभी राहते. अशा शब्दांना साहित्यात नेमकं काय म्हणतात?

जुना मास्तर:
उत्तर शालेय व्याकरणातच आहे. अभ्यस्त, म्हणजे पुनरावृत्तीने बनलेले शब्द तीन प्रकारचे. हळूहळू हा पूर्णाभ्यस्त, गोडधोड हा अंशाभ्यस्त, किरकिर हा अनुकरणवाचक. तुमचे सगळे तिसऱ्यात टाका. उगीच नवी नावं काढू नयेत.

रानपाखरू:
गुरुजी, अडचण तिथेच आहे. ‘हळू’ एकटा उभा राहतो, ‘लुक’ राहत नाही, म्हणून तो पहिल्यात बसत नाही. आणि तिसऱ्याचं दुसरं नाव तुम्हीच वर्गात ‘नादानुकारी’ असं सांगत असणार. चांदणीला कसला नाद?

स्पर्धापरीक्षा_अकोला:
परीक्षेत ‘लुकलुक’ आलं तर अनुकरणवाचकवरच खूण करा. मार्क मिळतात. बाकी चर्चा नोकरी लागल्यावर.

पऱ्हाटी:
तुमचं काय चालू हाय बाप्पा! पूर्णा नदी आमच्याकडं खयखय वायते. पावसाळ्यात वायते तेवढीच, पण खयखयच. पुस्तकात मात्र खळखळ. पाण्याचा आवाज तोच, मंग नक्कल कोनाची खरी? आम्ही ळ चा य करतो म्हनून नदी थोडी बदलते का?

कोशातला किडा:
पऱ्हाटीभाऊंनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. नक्कल जीभ करते, आणि जिभेला जमेल तेवढीच करते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत अशा शब्दांपुढे ‘अनुकरणजन्य’ अशा अर्थाची खूण आहे, दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात ‘ध्व.’, म्हणजे ध्वनीवरून, असं आहे. खूण केली की व्युत्पत्तीची कटकट मिटते. (‘कटकट’सुद्धा त्यातलीच.) पाणिनीचा शब्द जास्त मोकळा आहे: अव्यक्तानुकरण. त्याचं नेहमीचं उदाहरण ‘पटपटा करोति’, म्हणजे पटपट आवाज करतो.

जुना मास्तर:
अव्यक्त म्हणजे तिथे अस्फुट ध्वनीच. फिरून गाडी तिथेच आली.

निंबाखाली:
यास्काचं निरुक्त काढा, शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा तो प्राचीन संस्कृत ग्रंथ. ‘काक’ हा शब्द कावळ्याच्या ओरडण्यावरून आला, ही ‘शब्दानुकृती’ पक्ष्यांच्या नावांत फार, असं तो म्हणतो. त्याच जागी औपमन्यव या दुसऱ्या आचार्याचं मत दिलंय, की शब्दानुकृती नावाची गोष्टच नाही. त्याचा काक म्हणजे हाकलून लावण्याजोगा! वाळवणाला राखण बसलेल्या कोणत्याही बाईला औपमन्यव पटेल.

रानपाखरू:
सुंदर, पण कावळ्याला आवाज आहे. माझा कंदील मुकाच राहिला.

परदेशस्थ वर्धेकर:
जपानी भाषेत याची सरळ वाटणी आहे. आवाजाची नक्कल ती ‘गिओंगो’, आणि आवाज नसलेल्या स्थितीची, चकाकण्याची, गुळगुळीतपणाची नक्कल ती ‘गिताईगो’. आपण दुसऱ्याला ‘स्थित्यनुकारी’ म्हणावं का?

पऱ्हाटी:
स्थित्यनु… दात पडले माहे.

झडीतली:
‘चित्रदर्शी शब्द’ का नको? समीक्षेत रुळलेला आहे.

कोशातला किडा:
चित्रदर्शी वर्णन असतं, शैली असते. आणि ‘ठसठस’मध्ये चित्र कुठलं? गळू दिसलं नाही तरी ठसठसतं. ‘ध्वन्यर्थक’ म्हणावं तर संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धन आडवा येतो. त्याच्या ध्वन्यालोकातला ध्वनी म्हणजे सूचित अर्थ, कानाचा त्याच्याशी संबंध नाही.

झडीतली:
ठसठशीवरून आठवलं. आमच्या आजीला दवाखान्यात बाहेरगावच्या डॉक्टरांनी विचारलं, दुखतं म्हणजे कसं? आजी म्हणाली, डोयात चुरचुर, पायात ठसठस, छातीत धडधड. त्यांनी फक्त धडधड लिहून घेतली. बाकी दोन्हींना त्यांच्या भाषेत शब्द सापडेना.

जुना मास्तर:
आता हिंदीवर बोलू. टिमटिम हा ‘टिमटिमाना’वरून आलेला आहे. ‘मिणमिण’ आपला असताना हिंदी कशाला? संपादकांचं बरोबर आहे.

रानपाखरू:
लाइन गेली की माझी माय कंदील लावायची आणि ‘टिमटिम करून राह्यला, काच पूस’ म्हणायची. तिला हिंदी सिनेमा माहीत नव्हता. आणि दोन्हींचा अर्थ एक नाही. मिणमिण म्हणजे उजेड कमी. टिमटिम म्हणजे उजेड हलतोय, वात आत्ता राहील की जाईल. माझ्या कथेत म्हातारा त्या रात्री जाणार आहे.

निंबाखाली:
हा फरक पटला. मात्र शेऱ्याखाली एवढं लिहून पाठवायला हवं होतं.

सातपुड्याचा पायथा:
उशिरा आलो. ‘फटफटी’ कोणी कशी काढली नाही? आबांची बुलेट होती, तिला फटफटी म्हणायचे. आता पोरानं बॅटरीवरची गाडी घेतली. तिचा आवाजच येत नाही, मागून येऊन थेट ढोरांत घुसते. आबा तिलाही फटफटीच म्हणतात.

कोशातला किडा:
म्हणजे आवाज गेला, शब्द उरला! तशीच माझी एक शंका आहे. ‘फुफाटा’ हा फू-फू करून चुलीची राख उडते त्यावरून असावा.

पऱ्हाटी:
राख कायची? फुफाटा म्हंजे बैलगाडीमागं उडते ते माती. गावच्या रस्त्यावर चाला एकदा एप्रिलात.

कोशातला किडा:
मग ‘आगीतून फुफाट्यात’ पडणारा काय मातीत पडतो? तिथे तापलेली राखच हवी.

पऱ्हाटी:
दुपारी बाराला आमच्या रस्त्यावर अनवानी पाय ठेवा, मंग सांगा माती का राख.

रानपाखरू:
अंक छपाईला गेला. वाक्य आता ‘गोठ्यात कंदील होता’ असं आहे. नाव सुचलं तर अजूनही कळवा.

जुना मास्तर:
अनुकरणवाचक.

सातपुड्याचा पायथा:
फुफाटा आमच्याकडं दोन्हीले म्हनतात.