मदत हवी आहे: फिरत्या तबकडीवरून बलाची दिशा उलटी येतेय

भोवरा: उद्या तास आहे, लवकर सांगा. चेंडू ०.२ किलो, त्रिज्या ०.५ मीटर, कोनीय वेग ४ रेडियन प्रतिसेकंद. अपकेंद्री बल १.६ न्यूटन, बाहेर. पण तबकडीवरून चेंडू वर्तुळात फिरताना दिसतो, म्हणजे बल आत हवं. चुकतंय कुठे?

लंबक: चेंडू तबकडीवर बसवलाय का? तसं असेल तर तबकडीवरून तो फिरताना दिसणारच नाही.

आरपार: आभासी बलं (फिरत्या तबकडीवरून पाहताना हिशेबात धरावी लागणारी, खरी नसलेली) पहिल्या वर्षाला नकोतच. अपकेंद्री ही अभिकेंद्रीची, म्हणजे केंद्राकडे ओढणाऱ्या बलाची, प्रतिक्रिया, एवढं सांगून पुढे जा.

भोवरा: अभ्यासक्रमात आहे, टाळता येत नाही. चेंडू छताला दोरीने टांगलाय, तबकडीच्या वर. स्थिर आहे.

लंबक: हे आधी सांगायचं! दोरी उभी, म्हणजे आडवं खरं बल शून्य. तबकडीवरून चेंडूचा वेग ४ × ०.५ = २ मीटर प्रतिसेकंद, उलट दिशेने. तुमचं कोरिऑलिस, म्हणजे तबकडीवरून हलताना दिसणाऱ्या वस्तूवर वेगाला काटकोनात धरायचं दुसरं आभासी बल, राहिलंय: २ × ०.२ × ४ × २ = ३.२ न्यूटन, आत. बाहेरचे १.६ वजा करा, १.६ आत उरतात. वर्तुळाला लागतात तेवढेच.

आरपार, इथे जमिनीवरून अभिकेंद्री बलच नाही, मग प्रतिक्रिया कशाची? शिवाय क्रिया-प्रतिक्रिया दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. मुलांच्या डोक्यात हीच चूक पक्की बसते.

घरंगळ: तबकडीवर गोटी सोडा, लगेच पटतं.

लंबक: गोटी नको. न घसरता घरंगळणारी भरीव गोटी घर्षणामुळे जमिनीवरून पाहतासुद्धा वर्तुळ काढते, तबकडीच्या २/७ कोनीय वेगाने. ते वळण मुलं कोरिऑलिसच्या खात्यात टाकतील.

नीरव: बेसिनमधल्या भोवऱ्याचं उदाहरण द्या की.

आरपार: ते तर मुळीच नको. पृथ्वीचा कोनीय वेग ७.३ × १०⁻⁵ रेडियन प्रतिसेकंद. पाणी ०.१ मीटर प्रतिसेकंदाने वाहिलं तरी कोरिऑलिस त्वरण फार तर १.५ × १०⁻⁵ मीटर प्रतिसेकंद वर्ग. भांड्याचा आकार आणि पाण्यात आधीच असलेली गती त्याहून भारी पडते.

भोवरा: गणित जुळलं. पण वर्गात दाखवू कसं?

लंबक: टांगलेला चेंडूच वापरा. तबकडी जमिनीवर, मोबाइल मधोमध, कॅमेरा वर. चेंडू दोनेक मीटर उंच ठेवा, म्हणजे चौकटीत मावतो. एक फेरी १.५७ सेकंदांत. व्हिडिओचं स्थिरीकरण आधी बंद करा, नाहीतर मोबाइल स्वतःचं फिरणं पुसू पाहतो आणि चित्र उड्या मारतं.