मदत हवी आहे: नांदूर मध्यमेश्वरला माघ-फाल्गुनातल्या पक्ष्यांच्या नोंदी कशा ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,

मी निफाड तालुक्यातली. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा घरापासून जवळ, त्यामुळे गोदावरी-कादवाच्या संगमावरचं हे पाणी मला बारा महिने दिसतं. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेली ही राज्यातली पहिली जागा. गर्दी होते ती डिसेंबर-जानेवारीत, मोठे थवे बघायला. मला मात्र त्यानंतरचे दोन महिने जास्त मोलाचे वाटतात. थंडी ओसरते, गहू पिवळा पडायला लागतो, द्राक्षाच्या तोडणीची धांदल सुरू असते आणि इकडे पाण्यावर सगळी वस्तीच बदलत असते. याच्या नीट नोंदी ठेवायच्या आहेत. पुढे कुणाला उपयोगी पडतील अशा.

मुख्य अडचण अशी. पक्षी पहिल्यांदा दिसला की तारीख लिहून मोकळं होता येतं, पण शेवटचा दिसला तो दिवस त्या दिवशी कळत नाही. थापट्या, तलवार बदक, गढवाल, चक्रवाक या बदकांचे थवे हळूहळू विरळ होत जातात. ते उत्तरेला निघाले, की नुसते फुगवट्यात पलीकडे सरकले? त्यात इथे ऋतूच्या जोडीला आवर्तनही असतं, म्हणजे सिंचनासाठी धरणांतून पाळीने सुटणारं पाणी. वर दारणा-गंगापूर धरणांमधून पाणी सुटलं की बंधारा भरतो, काठाचा गाळ बुडतो आणि शेकाटे, तुतवार, पाणटिवळे हे चिखलात चरणारे पक्षी एका रात्रीत दिसेनासे होतात. कालव्यांना पाणी जाऊन पातळी उतरली की गाळ उघडा पडतो आणि त्यातले बरेच पुन्हा हजर! मधल्या दिवसांत मी वहीत ‘गेले’ असं लिहिलं, तर ती नोंद चुकीचीच ठरणार. जानेवारीतली पाणपक्षी गणना मोलाची आहे, पण ती त्या पंधरवड्याचंच चित्र देते. मार्चमध्ये काय होतं ते तिच्यातून कळत नाही.

दुसरं, नुसते आकडे लिहिले की बाकी सगळं निसटतं. परवा चापडगावच्या बाजूला पाणकणसाच्या बेटाच्या कडेला एक जांभळी पाणकोंबडी बराच वेळ समोर होती. चोचीने कोवळा कोंब उपटायची, पायाच्या लांब बोटांच्या मुठीत, हातात धरावा तसा धरायची, वरचं हिरवं सोलून टाकायची आणि आतला पांढरा गाभा तेवढा खायची. मागे वाळलेली कणसं फुटून त्यांचा कापूस वाऱ्यावर उडत होता. एकाच बेटात जुनी कणसं आणि नवे कोंब एकदम. हे कोणत्या रकान्यात लिहायचं? काठावरच्या करंजाची पानगळ आणि पालवी, पळसाचा बहर, हे पक्ष्यांच्याच वहीत ठेवावं की वेगळं?

तिसरा प्रश्न छोटा आहे. लांबून गढवाल आणि तलवार बदकाच्या माद्या वेगळ्या कशा ओळखायच्या? माझ्याकडे दुर्बीण आहे, स्पॉटिंग स्कोप नाही.

प्रतिसाद १

ताई, ‘गेले’ हा शब्दच वहीतून काढून टाका. ‘दिसले नाहीत’ असं लिहा आणि तेही दर खेपेला लिहा. एकच निरीक्षण मनोरा, एकच वेळ, तेवढाच अवधी. त्यात चक्रवाक शून्य असतील तर शून्य मांडा. आठवड्यामागून आठवडे शून्य येत गेलं की शेवटची तारीख आपोआप ठरते, तुम्हाला ठरवावी लागत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत असाल तर दिसलेले, ओळखू आलेले सगळे पक्षी असलेली पूर्ण यादीच टाका. निवडक पक्ष्यांच्या यादीतून न दिसलेल्यांबद्दल काहीच कळत नाही.

आवर्तनाचं म्हणाल तर पातळी हा स्वतंत्र रकाना करा. मनोऱ्यावरून एकाच चौकटीत, एकाच दिशेचा फोटो दर वेळी काढा. गाळ किती उघडा आहे ते त्यात दिसतं. पाणी चढल्यावर चिखलातले पक्षी हलतात, पण उघड्या पाण्यावरच्या बदकांना त्याचा तेवढा फरक पडत नाही. गाळ पुन्हा उघडा पडूनही तुतवार आले नाहीत, तर तो ऋतूचा परिणाम असण्याची शक्यता जास्त. शिवाय पिसांकडे लक्ष ठेवा. पिवळ्या धोब्याच्या नराचा पिवळा रंग मार्चमध्ये झळझळीत होतो, पाणटिवळ्याची मान तांबूस व्हायला लागते. निघायची तयारी अशी अंगावर दिसते.

प्रतिसाद २

झाडांची वही वेगळी करा, तारखा मात्र त्याच ठेवा. झाडांसाठी सीझनवॉच या झाडांचे ऋतुबदल नोंदवणाऱ्या उपक्रमाची पद्धत सोपी आहे. ठरावीक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच झाडाची नवी पानं, कळ्या, फुलं, फळं ‘नाही, थोडी, भरपूर’ एवढ्यावर नोंदवायची. ‘करंजाला पालवी आली’ असं मोघम लिहू नका, ‘मनोऱ्याजवळचा करंज’ लिहा. पाणकणसाच्या एका बेटालाही हीच पद्धत चालेल. पाणकोंबडीचं खाणं शेऱ्यात जाऊ द्या, पण लिहाच. असं जवळून बघितलेलं फार थोडे लोक लिहून ठेवतात.

माद्यांचं: तलवार बदकाची मादी सडपातळ, मान लांब, चोच राखाडी, शेपूट टोकदार. गढवालच्या मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी. उडताना पंखावर पांढरा चौकोन दिसला की गढवाल.

एक विनंती. मार्चपासून टिटव्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि नदीसुरय वाळूच्या बेटांवर घरटी करतात. पाणी उतरलं म्हणून गाळातून चालत पुढे जाऊ नका, इतरांनाही सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शून्य मांडायचं सुचलंच नव्हतं, या आठवड्यापासून सुरू करते. मनोऱ्याजवळ करंज आणि बाभूळ दोन्ही आहेत, दोन्ही घेते. आता एवढंच विचारायचं आहे: उजनी किंवा जायकवाडीच्या काठावर कुणी अशाच साप्ताहिक नोंदी ठेवत असेल तर आपण वार आणि वेळ एकच धरूया का? तिन्हीकडे चक्रवाक एकाच सुमारास कमी झाले, तर इथल्या आवर्तनाचा प्रश्नही बराचसा सुटेल. मला रविवारी सकाळी सात ते आठ जमतं.