सासूबाईंच्या दातांच्या फटी आणि ब्रिज साफ करायला काय घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. सासूबाई सत्तरीच्या आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि संधिवातामुळे उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत. खालच्या दाढांना पक्का बसवलेला ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना जोडलेला खोटा दात, आहे. हिरड्या सरकल्यामुळे पुढच्या दातांत फटी पडल्या आहेत. मेथीची भाजी खाल्ली की धागे अडकतात, मग त्या सेफ्टी पिनने टोकरत बसतात आणि रक्त येतं. ते बघवत नाही.

मेडिकलमध्ये फ्लॉसचा दोरा, फटींतले बारीक ब्रश, पाण्याची धार मारणारं मशीन असं सगळं दाखवतात, पण यातलं त्यांना काय झेपेल ते कळत नाही. ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले असतात, मग तिथे दोरा वरून घालणार कसा? बॅटरीचा ब्रश घ्यावा का?

आणखी एक. लग्नाआधीपासून त्या मिश्री लावतात. सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं त्यांना वाटतं. दटावून त्यांचं मन दुखवायचं नाही, पण ती सुटावी असं मनापासून वाटतं.

— पंचवटीकर सून

गोदाकाठ: मी दातांची डॉक्टर आहे. सर्वात आधी पिन बंद करा. फटी मोठ्या असतील तर फ्लॉसपेक्षा फटींतला बारीक ब्रश, म्हणजे इंटरडेंटल ब्रश चांगला. तो वेगवेगळ्या जाडीत मिळतो. दातांना घासून जायला हवा, पण घुसवावा लागता कामा नये. सगळ्या फटी सारख्या नसतात, त्यामुळे बहुतेक दोन मापं लागतील. पहिल्यांदा माप डेंटिस्टकडूनच ठरवून घ्या. लांब दांड्याचा घेतलात तर त्यांना स्वतःला धरता येईल. आत-बाहेर दोन-तीनदा फिरवायचा, धुवायचा, केस पसरले की टाकून द्यायचा.

ब्रिजसाठी सुपरफ्लॉस नावाचा दोरा मागा. त्याचं एक टोक कडक असतं. ते गालाच्या बाजूने खोट्या दाताखालून ओवायचं आणि मधला फुगीर भाग मागेपुढे ओढायचा. त्यांच्या बोटांना हे जमणार नाही, तुम्हालाच करून द्यावं लागेल. पाण्याच्या मशीनने अन्नाचे कण निघतात, पण दाताला चिकटलेला थर घासूनच जातो. म्हणून मशीन जोडीला ठेवा, ब्रशऐवजी नको.

बॅटरीचा ब्रश जरूर घ्या, दांडा जाड असतो. मऊ केसांचा हवा, आणि घासायचा नाही, प्रत्येक दातावर क्षणभर टेकवायचा. पेस्ट फ्लोराइडची घ्या. नंतर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं.

सुरुवातीला थोडं रक्त येईल, म्हणून थांबू नका. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर दाखवा. हिरड्यांची सूज आणि साखर एकमेकांना बिघडवतात, त्यामुळे साखरही तपासून घ्या.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, म्हणून ते व्यसन समजून मदत घ्या. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लगेच तपासा. पंचवटीतच के. बी. एच. डेंटल कॉलेज आहे, तुम्हाला जवळ पडेल.

सिडकोवाला: माझ्या वडिलांचे हात असेच आहेत. बॅटरीचा ब्रश येईपर्यंत साध्या ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवलं होतं. त्यांना छान धरता यायचं.

पंचवटीकर सून: दोघांचे खूप आभार. ताई, ब्रिजखालचा दोरा रोज फिरवायचा की आठवड्यातून चालेल?

गोदाकाठ: रोज, रात्री झोपण्याआधी एकदा. इंटरडेंटल ब्रशही तेव्हाच, आणि त्यानंतर पेस्टने घासायचं.